सातव्या प्रकरणातला पेंढा

विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर, झेरॉक्सच्या दोन दुकानांच्या बेचक्यात, समासमामांचं दुकान होतं. दुकान म्हणजे केवढं? मामा आत असले की गिऱ्हाइकाने बाहेर उभं राहायचं, आणि गिऱ्हाईक अंगापिंडाने भरलेलं असलं तर मामांनी बाहेर यायचं. पाटीवर ‘प्रबंध टंकन, मांडणी व बांधणी’ एवढीच अक्षरं, आणि त्या पाटीलाही डाव्या अंगाला दीड इंच नि बाकीच्या तिन्ही बाजूंना एकेक इंच कोरी जागा सोडलेली.

ही कडेची कोरी जागा म्हणजेच समास, आणि मामांचा सगळा जन्म त्या जागेत गेला. खिशात पेनाऐवजी स्टीलची पट्टी. लोक सांगत, मामा ताटातसुद्धा डावीकडे दीड इंच सोडून जेवतात. तरुणपणी त्यांचं लग्न ठरलं होतं म्हणे, पण पत्रिकेचा उजवा समास पाऊण इंच निघाला. मामांनी सगळ्या पत्रिका छापखान्यात परत धाडल्या, नव्या येईस्तोवर लग्नाची तारीख उलटली, आणि मुलगी शहाणी होती, ती दुसऱ्याशी लग्न करून मोकळी झाली. यातलं खरं किती नि पदरचं किती हे कोणाला विचारणार? या सगळ्या गोष्टी मामाच पसरवत. एका पट्ठ्याचा प्रबंध इतका जाड झाला की परीक्षकाने तो उशाला घेतला आणि झोपेतच पास करून टाकला, हेही मामांचंच. आणि एकाच्या तळटीपा इतक्या माजल्या की वरचा मजकूर त्यांनी पानाबाहेर ढकलला आणि तो शेजारच्याच्या प्रबंधात जाऊन बसला, तेही.

पण कामात थट्टा नाही. मांडणी अशी शिकवत की पहिलीतल्या पोराला कळावी. “हे बघ, प्रबंध म्हणजे घर. मुखपृष्ठ, मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र, तुझं प्रतिज्ञापत्र, आभार, अनुक्रमणिका, ही झाली ओसरी. ओसरीतल्या पानांना रोमन आकडे. उंबरा ओलांडून पहिल्या प्रकरणात शिरलास की साधे आकडे, एकपासून. प्रत्येक प्रकरणाची खोली वेगळी, नवीन पानावर सुरू. तक्त्याचं नाव तक्त्याच्या वर, आकृतीचं आकृतीच्या खाली. टोपी डोक्यात, चप्पल पायात. उलटं घातलंस तर परीक्षक वाचायचा सोडून हसत बसेल. संदर्भसूची सगळ्यात मागे, परसात. आणि डावा समास दीड इंच, कारण बांधणी अर्धा इंच खाते. ती खाणारच, तिला उपाशी ठेवलंस तर तुझी अक्षरं खाईल.”

आता त्यांची एक पद्धत होती, आणि सगळं रामायण तिच्यापायी झालं.

विद्यार्थी यायचा तो दोन-तीन प्रकरणं घेऊन, तोंड उतरलेलं, डोळे खोल गेलेले. चाळीस पानं हातात घेऊन दोनशे पानांच्या डोंगराकडे बघणारा माणूस हमखास पळून जातो, हे मामांनी ओळखलं होतं. म्हणून ते आधी पुरा सांगाडा उभा करत. सातही प्रकरणांची शीर्षकं, अनुक्रमणिका, सूची, सगळं. आणि जी प्रकरणं अजून लिहायची असत त्यांत ते पेंढा भरत. पेंढा म्हणजे कुठल्या तरी जुन्या प्रबंधातला मजकूर, पानं भरण्यापुरता. त्यामुळे पृष्ठांक बसत, अनुक्रमणिका तयार होई, आणि तात्पुरतं बांधलेलं बाड विद्यार्थ्याच्या हातात पडलं की त्याचे डोळे चमकत. “बघितलास वाघ? पेंढ्याचा आहे, पण वाघ आहे. आता एकेक मूठ पेंढा काढ आणि तिथे मांस भर.” पेंढा ओळखू यावा म्हणून तो राखाडी अक्षरांत छापलेला असे. शिवाय खतांवरच्या प्रबंधात मध्येच सतराव्या शतकातल्या आरमाराचं वर्णन आलं, तर आंधळ्यालाही कळणार.

शंखसरांच्या बाबतीत मात्र मामांनी हात जरा सैल सोडला.

शंखसर शाळेत जीवशास्त्र शिकवत आणि अकरा वर्षं गोगलगायींवर प्रबंध लिहीत होते. दर गुरुवारी शाळा सुटली की दुकानात येत, उभ्याउभ्या ग्लासभर पाणी पीत. मामा म्हणायचे, “सर, गोगलगायी तुमच्या पुढे निघून गेल्या हो!” सर शांतपणे म्हणायचे, “जाणारच मामा. त्यांना मार्गदर्शक नसतो.”

सरांचा विषय असा. कोरडे दिवस आले की गोगलगाय शंखाच्या तोंडाशी पातळ पापुद्र्याचं दार लावून आत झोपून जाते. किती काळ ती अशी झोपू शकते, आणि पाणी मिळाल्यावर पुन्हा उठते का? सरांनी साठ गोगलगायी घरात बरण्यांत कोरड्या ठेवल्या, वीस-वीसच्या तीन तुकड्या करून. पहिल्या तुकडीवर वर्षाने पाणी शिंपडलं, सतरा जाग्या झाल्या. दुसरीवर दोन वर्षांनी, अकरा जाग्या झाल्या. तिसरीला तीन वर्षं पुरी व्हायची होती. ती मोजली की सातवं प्रकरण, निष्कर्ष, आणि खेळ खलास.

सहा प्रकरणं तयार होती. सातव्यात पेंढा हवा होता. मामांना त्या दिवशी काय लहर आली कोण जाणे. जुना प्रबंध न उचलता त्यांनी स्वतःच्या डोक्यातून चोवीस पानं टंकली. अकरा वर्षं ऐकून ऐकून त्यांना गोगलगायी पाठ झाल्या होत्या. शेवटच्या विसांपैकी किती उठल्या म्हणून लिहिलं त्यांनी? वीसच्या वीस! मामांच्या गोष्टीत कधी कोणी मरत नसे. सरांनी ती पानं दुकानात उभ्याने वाचली आणि हसताहसता त्यांना ठसका लागला. “मामा, तुम्हालाच डॉक्टर करायला हवं. राहू दे हे. खरे आकडे आले की काढू.” आणि शाळेच्या यंत्रावर त्या बाडाच्या दोन प्रती काढून एक घरी ठेवली, एक मार्गदर्शकांकडे दिली. शाळेचं यंत्र जुनं. त्याला राखाडी रंग ठाऊकच नव्हता. सगळी अक्षरं एकसारखी काळीभोर उमटली.

त्यानंतर चौथ्या महिन्यात सर शाळेच्या जिन्यात, हातात हजेरीपट घेऊन खाली बसले ते उठलेच नाहीत.

आणखी दोन महिन्यांनी एका सकाळी त्यांची बायको मामांच्या दुकानापुढे येऊन उभी राहिली. घरी बसून शिवणकाम करणारी बाई. पदराला टाचणी टोचलेली, ती काढायची राहून गेलेली. मामांनी तिला एकदाच पाहिलं होतं, सरांना न्यायच्या दिवशी. तिने पिशवीतून घरची प्रत काढून फळीवर ठेवली आणि वर एक पत्र.

“मामा, विद्यापीठानं परवानगी दिली. माणूस गेला तरी प्रबंध पुरा असेल तर घेतात म्हणे. या महिन्याच्या तीस तारखेच्या आत. नाहीतर त्यांचं नावच काढून टाकतील नोंदवहीतून. तेवढ्या पाच प्रती बांधून द्या. काळं कापड, सोनेरी अक्षरं. ते म्हणायचे तसं.”

“देतो वहिनी, देतो,” मामा म्हणाले आणि सवयीने पान उलटून पट्टी लावली. डावा समास दीड. बरोबर. मग त्यांनी शेवटाकडे पानं उलटली, आणि पट्टी हातातच राहिली. पान एकशे अठ्ठ्याऐंशी ते दोनशे अकरा. प्रकरण सातवं. मामांचा पेंढा, काळ्याभोर अक्षरांत, सरांच्या नावावर.

“सातवं मी रोज वाचते,” बाई म्हणाली. “बाकीचं मला कळत नाही, तक्तेच तक्ते. पण हे कळतं. दुपारी मशीन बंद केलं की वाचते. हे बघा ना.” आणि पान न शोधता तिने बोट ठेवलं. वाचायचीही गरज नव्हती तिला. “‘बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, आत कोणी नाही. पण आतलीला सगळं कळत असतं. कोणीतरी रोज आपल्याला उचलतं, पुसतं आणि अलगद जागेवर ठेवतं, एवढ्या आधारावर ती तग धरते.’” तिने बोट उचललं. “बरण्या मी पुसायचे, मामा. रोज. ते कधी बोलले नाहीत त्याबद्दल. मला वाटायचं, दिसतच नसेल त्यांना. आणि इथं लिहून ठेवलंय.”

मामा जन्मभर बोलले होते. ज्या तोंडाने त्यांनी परीक्षकांना झोपवलं नि तळटीपा उडवल्या, त्या तोंडाला त्या दिवशी कुलूप लागलं. “सोमवारी या,” एवढं कसंबसं निघालं. “सोमवारी... बघू.”

ती गेली. मामांनी दुकानाची फळी उचलली, दार ओढलं आणि ऐन कामाच्या वेळी कुलूप घातलं. शेजारचा झेरॉक्सवाला ओरडला, “काय मामा, समास संपला की काय जगातला?” मामांनी ऐकलं नाही.

मार्गदर्शकांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. वाचायच्या राहिलेल्या प्रबंधांची उतरंड टेबलापासून खिडकीपर्यंत गेली होती आणि खिडकीतून येणारा उजेड अडवून बसली होती. मार्गदर्शक स्वभावाने वाईट नव्हते, फक्त थकलेले होते.

“शंखवाल्याचा प्रबंध ना? मी प्रमाणपत्र देतोय,” ते म्हणाले. “आणि खरं सांगू का मामा, सातवं प्रकरण मला फार आवडलं. पहिली सहा म्हणजे नुसती खडखडीत भाकरी. शेवटी शेवटी भाषा सुधारली त्याची.”

“साहेब, ती भाषा माझी आहे.”

मार्गदर्शकांनी चष्मा काढला. मामांनी सगळं सांगितलं. राखाडी अक्षर, शाळेचं यंत्र, विसांपैकी वीस. मार्गदर्शकांचा चेहरा हळूहळू कागदासारखा झाला.

“वीसच्या वीस? अहो, परीक्षकाने एक प्रश्न विचारला असता की तीन वर्षं झाली कधी, तर? तारखेचा हिशेब तरी! मेलेल्या माणसावर खोट्या आकड्यांचा ठपका. आणि खाली माझी सही.”

“म्हणून तर आलो. सातवं काढून सहाच प्रकरणं देता येतील?”

“निष्कर्षाशिवाय? छे. अपुरा म्हणून परत येईल.” ते उठले, कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं, बोट फिरवत राहिले. आणि एकाएकी थांबले. “थांबा. थांबा हं. हे बघा. ‘उमेदवाराचा मृत्यू झाल्यास, सुरू असलेल्या प्रयोगाची उरलेली नोंद मार्गदर्शकाने घेऊन प्रबंधास जोडावी.’ मामा, तिसऱ्या तुकडीला तीन वर्षं कधी होतात?”

मामांना तारीख तोंडपाठ होती. “या बारा तारखेला.”

“मग झालं की! मी जातो, पाणी शिंपडतो, आठ दिवस मोजतो, चार पानं लिहितो. किती का उठेनात. एकही नाही उठली तरी तो निष्कर्षच. बरण्या आहेत ना घरी?”

“आहेत म्हणजे? वहिनी रोज पुसतात!”

तिथून निघालेले मामा जिना उतरले नाहीत, घसरले म्हणा. सांगणारे सांगतात की त्या दिवशी एका सायकलवाल्याने घंटी वाजवून त्यांच्याकडे वाट मागितली नाही, मामांनीच तोंडाने टिंगटिंग करून सायकलवाल्याकडे मागितली. वाटेत ते शब्द जुळवत होते. आधी बरण्यांचं सांगायचं, गोड आधी. मग पेंढ्याचं. डिग्री मिळतेय म्हटल्यावर ती ओळ कोणाची याचं दुःख ती गिळेल. बायका काय काय गिळतात.

घर तळमजल्यावर होतं. पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन, खाली चिंध्यांचा ढीग, एका खुंटीवर कोणाचासा अर्धा शिवलेला कोट, एका बाहीचा. बाईने खुर्ची पुसून दिली.

“वहिनी, बरण्या कुठायत?” मामांनी धापा टाकत विचारलं. बसलेसुद्धा नाहीत.

“कुठल्या?”

“शेवटच्या विसांच्या. चार बरण्या असतील. सरांची चिठ्ठी लावलेल्या.”

बाईने मागल्या दाराकडे पाहिलं. “त्या होय? सोडल्या मी त्या. मागे कुंपणाशी नळ गळतो ना, तिथं. ओल असते.”

“सोडल्या?”

“महिना होऊन गेला. बंद ठेवून काय करायचं त्यांना आता? मी वाचलं ना सातव्यात, वीसच्या वीस उठल्या, काम झालं. म्हटलं मग यांना तरी कशाला कोंडून ठेवा.” तिला मामांचा चेहरा दिसला. “मामा? काय झालं? प्रबंध तर पुरा झालाय ना? अनुक्रमणिकेत आहे. दोनशे अकरापर्यंत आहे.”

मामा तेव्हा बसले. खुर्चीवर नाही, चिंध्यांच्या ढिगाशेजारी जमिनीवर. गोड आधी सांगायचं म्हणून निघालेल्या माणसाजवळ आता फक्त दुसरंच उरलं होतं. त्यांनी ते सांगितलं. इकडेतिकडे न करता, एकही शब्द पदरचा न घालता. असं बोलायची सवय नसल्यामुळे वाक्यं मध्येच तुटत होती.

ऐकून झाल्यावर ती वळली. मागलं दार उघडून बाहेर गेली. मामाही गेले. नळाखाली दगड होते, शेवाळ होतं, आणि गोगलगायी होत्याही. काही रिकामे शंख, काही भरलेले, काही कुंपणावर चढत होत्या. पण तिथे गोगलगायी पहिल्यापासूनच होत्या. सरांच्या कुठल्या आणि नळाच्या कुठल्या, हे त्यांच्या पाठीवर लिहिलेलं नव्हतं.

“उठल्या होत्या का?” मामांनी विचारलं. “सोडल्यावर?”

“मी बघायला थांबले नाही. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाचे कपडे द्यायचे होते.”

मग ती शंख बघतच म्हणाली, “ती ओळ?”

इथे मामांना एक मोह झाला. एवढी एक ओळ सरांची म्हणावी. चोवीस पानांत तीन वाक्यं. कोणाचं काय जातं? जन्मभर हजार थापा मारल्या, कोणाच्या उपयोगी न पडणाऱ्या; ही एक तरी उपयोगी पडेल. शब्द जिभेवर आला होता. पण ती पुढे म्हणाली, “तेवढी तरी ठेवा हं मामा. बाकीचं काढा. शेवटी एका पानावर तेवढीच.” आणि मामांच्या लक्षात आलं की आपण हो म्हटलं तर आपला पेंढा सरांच्या पुस्तकात कायमचा शिवला जाईल, तिच्याच हाताने.

“तीही माझीच आहे, वहिनी.”

“आणि पुढे ते आभाराचं पान? ‘माझ्या पत्नीच्या मूक सहकार्याशिवाय’?”

“तो साचा आहे. सगळ्यांना तोच घालतो. नंतर आपापला लिहितात.”

ती आत गेली. मशीनपाशी बसून तिने कातरी घेतली, प्रतीची पाठ बांधलेला दोरा कापला आणि शिवण उसवावी तशी सावकाश, एकेक पान, चोवीस पानं बाजूला केली. कडा जुळवून मामांच्या हातात दिली.

“हे तुमचं. घेऊन जा.”

“माझं चुकलं, वहिनी.”

“चुकलं खरं,” ती म्हणाली.

सहा प्रकरणांचं बाड मामांनी तरीही बांधलं. पाच नाही, एकच प्रत. काळं कापड, सोनेरी अक्षरं. साच्याचं आभाराचं पान काढून टाकलं आणि ओसरीतले रोमन आकडे पुन्हा घातले. मार्गदर्शकांनी स्वतः ती प्रत घेऊन विद्यापीठाच्या कचेरीत तास घालवला, आवाजसुद्धा चढवला म्हणतात. कारकुनाने प्रत चाळली, पट्टी लावली, मांडणीची तारीफ केली, आणि परत दिली. तीस तारीख आली तशी गेली. एकतीस तारखेला शंखसरांचं नाव नोंदवहीतून काढलं. नुसती एक आडवी रेघ.

मामा प्रत पोचवायला गेले तेव्हा उंबऱ्यातूनच देऊन परतणार होते. बाईने प्रत घेतली, पाठीवरची अक्षरं अंगठ्याने चाचपून पाहिली.

“मामा, एक विचारायचं राहिलं. मी बरण्या पुसते हे तुम्हाला कसं कळलं? ते असताना तुम्ही तर घरी कधी आला नव्हता.”

“सरांनीच सांगितलं होतं.”

“काय सांगितलं?”

मामा गोंधळले. “असंच... बोलण्यात.”

तिने प्रत दुसऱ्या हातात घेतली. “तुमच्यावरचा राग गेलाय असं मी म्हणणार नाही. गेलेला नाही. पण दर गुरुवारी ते तुमच्याकडे यायचे. घरी आले की तक्त्यांत डोकं. जे काही बोलायचे ते तुमच्याकडेच बोलत असतील. शनिवारी या. काय काय बोलायचे ते सांगा. खरं तेवढंच हां. एक अक्षर जास्त नको.”

शनिवारी मामा गेले. वाटेत त्यांनी आठवणी काढून ठेवल्या. अकरा वर्षांचे गुरुवार म्हणजे पाचशेच्या वर भरतात. तीन शनिवार तरी पुरतील असा त्यांचा अंदाज होता. पण बसून बोलायला लागले, तो काय! आपण घातलेला मीठमसाला वेगळा काढत काढत सांगायचं, तर हातात उरत होतं ते चिमूटभर. सर यायचे. पाणी मागायचे. तक्ता आडव्या पानावर घेता येईल का म्हणून विचारायचे. एकदा छत्री विसरले, पुढल्या गुरुवारी घेऊन गेले. मार्गदर्शकांवर एक विनोद करायचे, तो मामांनी सांगितला. ती हसली नाही, पण तिने तो पुन्हा एकदा सांगायला लावला. एकदा सदऱ्याचं बटण तुटलेलं होतं, मामांनी चिडवलं की शिवणाऱ्या बाईचा नवरा आणि बटण नाही, तर म्हणाले, “तिच्याकडे लोकांचं काम पडलेलं असतं, मी कशाला नंबर लावू.” एकदा म्हणाले, “बरण्यांवर धूळच बसत नाही हो, ही रोज पुसते. मला भीती वाटते, एखादी फोडेल. पण सांगवत नाही.”

“सांगवत नाही म्हणाले?”

“हो.”

“आणखी?”

चहा निवला होता. बाहेर दोन-तीन मुलं चेंडू भिंतीवर आपटत होती. मामांनी डोकं खाजवलं. दहा मिनिटांत अकरा वर्षं संपली होती. आणि मग त्यांना ते आठवलं. इतके दिवस आठवलं नव्हतं, कारण त्यात गंमत अशी काहीच नव्हती.

“शेवटच्या गुरुवारी,” ते म्हणाले, “सरांनी आभाराचं पान उघडलं होतं. मला म्हणाले, मामा, बायकोबद्दल लोक काय लिहितात इथं? मी म्हटलं, साचा घातलाय सर, मूक सहकार्य. तर म्हणाले, छे, तो नको. तो काढा. ते मी लिहीन, मला जरा वेळ द्या. दार ओलांडून गेले आणि पुन्हा मागे आले. म्हणाले, एक पान पुरेल ना हो मामा? मी म्हटलं, आभाराला पानांचं बंधन नाही, कितीही घ्या.”

बाईचा हात मशीनच्या चाकावर होता, तो थांबला. तिने मामांकडे पाहिलं. समोर तोच माणूस बसला होता, ज्याने विसांपैकी वीस गोगलगायी उठवल्या होत्या, ज्याची तीन वाक्यं तिने दोन महिने नवऱ्याची म्हणून उराशी धरली होती.

“मामा,” तिने विचारलं, “हे खरंय?”

“खरंय, वहिनी.”

“शपथ?”

“शपथ.”

पण शपथ काय, मामांनी तळटीपांच्या गोष्टीलाही घेतली होती, आणि ती घेताना डोळा मिचकावला नव्हता. याला कागद नव्हता, साक्षीदार नव्हता. दुकानात तेव्हा दोघंच होते, आणि त्यातला एक गेला होता. मामांच्या मनात आलं, आणखी काही सांगावं म्हणजे पटेल. सरांच्या हातात काय होतं, उजेड कुठून येत होता, कुठला शब्द ते थबकून बोलले. त्यातलं निम्मं त्यांना धड आठवत नव्हतं. ते गप्प राहिले.

ती खूप वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, कापड उजेडात धरून वीण तपासावी तशी. मग तिने मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मामांना कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही. तिने कोटाची दुसरी बाही सुईखाली सरकवली, आणि मशीन सुरू केलं.